रस्त्यावरचा बाजार आणि भावाची बातमी

जनावरांच्या जुन्या बाजारात सौदा कसा होत असे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रुमालाची आठवण असेलच. विकणारा आणि घेणारा, किंवा त्या दोघांचे दलाल, एकमेकांचा हात हातात घेत, वर रुमाल अगर धोतराचा सोगा टाकीत, आणि त्या पडद्याआड बोटांच्या दाबाने किमतीची बोलणी चालत. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव ठाऊक असे तो फक्त त्या दोघांना. धान्याच्या आणि कापसाच्या पेठांतूनही ही रीत देशात पुष्कळ ठिकाणी रूढ होती. शेतकऱ्याचा माल अडत्या विकी. तो काय भावाने विकला गेला हे मागाहून शेतकऱ्यास सांगे तोही अडत्याच. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार उघडला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. या वाटेने जे नियम होत गेले त्यांत लिलाव उघड व्हावा, वजन सर्वांदेखत मापाड्याने करावे आणि भाव नोंदला जावा, यांवर मुख्य भर होता. थोडक्यात, रुमाल काढून टाकावा, असा तो उद्योग होता.

तो रुमाल निघाला घाऊक पेठेतून. रस्त्यावरच्या बाजारात, म्हणजे जेथे हातगाडीवाला, पथारीवाला, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी भाजीवाली यांचा व्यवहार चालतो तेथे, अशी व्यवस्था कोणी केली नाही. तेथे ना नोंदवही, ना फळा, ना लिलाव. भावाची बातमी देणारी साधने तर एकामागून एक येत गेली. परंतु ती सारी पेढीवर थांबली. १८७० साली समुद्रातील तार मुंबईस येऊन पोचली, तेव्हा लिव्हरपूलचा कापसाचा भाव फोर्टातल्या व्यापाऱ्यास कळू लागला; त्याच रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या केळीवाल्यास भायखळ्याचा भाव कळण्याची काही सोय झाली नाही. पुढे आकाशवाणीने बाजारभाव सांगण्यास प्रारंभ केला. परंतु तेही क्विंटलचे भाव, आणि तेही विकून झालेल्या मालाचे. रस्त्यावर बसणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हातात पडलेले पहिले साधन म्हटले तर ते मोबाइलच होय. २०१६ नंतर यूपीआयच्या मार्गाने पैसे देण्याघेण्याची पद्धत आली आणि आज कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन टेकून ठेवलेला दिसतो. पैसे पोचल्याची वर्दी देणारी बोलकी डबीही कित्येक गाड्यांवर आहे. ज्या वाटेने पैसा येतो त्याच वाटेने भावाची बातमी येऊ लागली तर? रस्त्यावरच्या बाजारातील भाव त्यामुळे अधिक सरळ होतील काय, आणि झाले तर ते कोणाच्या फायद्याचे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी आली आहेत.

सर्वांत आशादायक उत्तर केरळच्या किनाऱ्यावरून आले. उत्तर केरळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांच्या किनाऱ्याने काही काही मैलांवर एकेक पुळण आहे आणि प्रत्येक पुळणीवर पहाटे मासळीचा बाजार भरतो. येथे मुख्य मासळी म्हणजे आपल्याकडे जिला तारली म्हणतात ती. होड्या पहाटे परत येतात, वाळूवरच बोली होते आणि दोन-तीन घटकांत बाजार उठतो. तारली टिकत नाही. बर्फघरांची सोय नसे. आणि जमिनीवरून दुसऱ्या पुळणीवर माल नेण्यास वेळ व पैसा दोन्ही लागत. तेव्हा होडी ज्या गावची, त्या गावच्या पुळणीवरच ती लागे. समुद्रात असताना कोणत्या पुळणीवर किती गिऱ्हाईक उभे आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. एका ठिकाणी मासळीचा सुकाळ होऊन भाव शून्यावर येई, आणि शेजारच्याच पुळणीवर गिऱ्हाईक मोकळ्या टोपल्या घेऊन परत जाई.

रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने या किनाऱ्याचा अभ्यास १९९६ ते २००१ या काळात केला. पंधरा पुळणी आणि तीनशे होड्या यांची माहिती तो दर आठवड्यास गोळा करवीत असे. १४ जानेवारी १९९७ या एका सकाळची हकीकत त्याने दिली आहे. वडकरा येथे अकरा कोळ्यांना गिऱ्हाईकच उरले नव्हते आणि ते सारी मासळी टाकून देण्याच्या बेतात होते. आणि त्याच वेळी, तेथून पंधरा किलोमीटरांच्या आत, सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने निघाली होती. माल आहे, पैसा आहे, दोघांत अंतर आहे ते एका तासाचे. नाही ती केवळ बातमी.

त्याच जानेवारी महिन्यात कोळिकोडकडे मोबाइलचे मनोरे उभे राहिले. १९९८ साली ते कण्णूरकडे आले आणि २००० साली कासरगोडकडे. मनोरे किनाऱ्यालगतच्या गावांत असल्यामुळे त्यांची हाक समुद्रात पंचवीस किलोमीटरांपर्यंत पोचत असे. कोळ्यांनी हे तत्काळ हेरले. होडी परतीच्या वाटेवर असतानाच चार-पाच पुळणींवरच्या व्यापाऱ्यांशी बोलून घ्यावे, जेथे भाव बरा तिकडे सुकाणू वळवावे, असा क्रम सुरू झाला. कोणी सरकारी अधिकारी शिकविण्यास गेला नव्हता. २००१ पर्यंत साठ टक्क्यांहून अधिक होड्यांवर मोबाइल होता. परिणाम असा झाला की, पूर्वी दररोज पाच ते आठ टक्के मासळी वाया जाई ती जवळजवळ पूर्णपणे थांबली. पुळणीपुळणींतील भावांचा फरक अगदी कमी झाला. कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकास मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडू लागली. विकणारा आणि घेणारा दोघेही सुखी, असा योग व्यवहारात क्वचित येतो. येथे तो आला, कारण पूर्वी जे वाळूत फेकले जात होते तेच आता वाटून घेण्यास मिळाले.

तीन जिल्ह्यांत मनोरे निरनिराळ्या वर्षी आले, यामुळे या अभ्यासाला विशेष वजन आले. ज्या जिल्ह्यात मनोरा आला तेथेच त्या सुमारास बदल दिसला. ज्यात आला नव्हता तेथे जुनी स्थिती कायम राहिली. आफ्रिकेतील नायजर देशातही असेच घडल्याचे जेनी एकर या विदुषीने दाखविले आहे. तेथे २००१ ते २००६ या वर्षांत मोबाइल पसरत गेला आणि निरनिराळ्या गावांच्या धान्यबाजारांतील भावांचे अंतर दहा ते सोळा टक्क्यांनी कमी झाले.

या दोन अभ्यासांचा बोलबाला इतका झाला की, भावाची बातमी गरिबाच्या खिशात पोचविली म्हणजे काम फत्ते, अशी समजूत पसरली. ती समजूत आपल्याच प्रांतात येऊन अडली. महाराष्ट्रात २००७ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शेतकऱ्यांसाठी एक सेवा काढली होती. वर्गणी भरली की मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पिकांविषयी सल्ला येई. मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिंटन या दोघांनी शंभर गावे निवडून तिची परीक्षा घेतली. काही गावांतील शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि मग दोघांच्या पदरात काय पडले ते ताडून पाहिले. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, शेतकऱ्यास मिळालेल्या भावात सरासरीने लक्षात घेण्याजोगा काही फरक पडला नाही. संदेश येत होते, शेतकरी ते वाचीतही होते. पैसा मात्र पूर्वीइतकाच मिळाला.

बंगालमध्ये हुगळी आणि पश्चिम मेदिनीपूर या जिल्ह्यांत २००८ साली बटाट्याच्या शेतकऱ्यांसंबंधी असाच प्रयोग झाला. घाऊक पेठेचे रोजचे भाव काही गावांत फलकावर लावण्यात आले, काही गावांत निवडक शेतकऱ्यांना मोबाइलवर कळविण्यात आले. तेथेही गावात मिळणारा सरासरी भाव हलला नाही. कारण शोधता असे आढळले की, शेतकरी बटाटा विकतो तो गावच्या व्यापाऱ्यास; घाऊक पेठेत स्वतः जाऊन विकण्याची वाट त्याला जवळपास बंदच आहे. पेठेत भाव चढला आहे हे त्याला कळले, त्याने ते व्यापाऱ्यास सांगितले, व्यापारी म्हणाला, ‘मग पेठेत जा.’ यावर शेतकऱ्याजवळ उत्तर नव्हते.

उलट मध्य प्रदेशात २००० सालापासून आयटीसी कंपनीने सोयाबीनसाठी गावोगाव संगणकाच्या चावड्या उघडल्या, त्या भागात घाऊक भाव थोडा चढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अपराजिता गोयल यांच्या अभ्यासात दिसले. पण त्या चावड्यांचे वैशिष्ट्य असे की भाव सांगणारी कंपनी माल घेणारीही होती. नुसती बातमी आली नव्हती. तिच्याबरोबर दुसरा गिऱ्हाईकही आला होता. केरळातही होडी समुद्रात मोकळी होती, सुकाणू कोळ्याच्या हाती होते. आणि जेथे ते त्याच्या हाती नव्हते तेथे काय होते, हेही पुढे बाहेर आले. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळच्या कोळ्यांचा पुन्हा शोध घेऊन २०१३ साली दाखविले की, सर्वच होड्यांचा व्यवहार एकसारखा नाही. ज्या कोळ्यांनी जाळ्यासाठी अगर होडीसाठी दलालाचे कर्ज काढलेले असते त्यांना मासळी त्या दलालाकडेच घालावी लागते. अशा कोळ्याच्या खिशात मोबाइल असतो, शेजारच्या पुळणीचा भावही त्याला ठाऊक असतो; होडी मात्र दलालाच्याच पुळणीवर लागते.

यावरून भावाच्या बातमीची किंमत तिच्या खरेखोटेपणावर जितकी अवलंबून आहे, तितकीच ऐकणाऱ्यास दुसरीकडे जाता येते की नाही यावरही आहे, हे ध्यानी घेऊन आता हातगाडीकडे वळावयाचे.

हातगाडीवाल्याचे गणित घरातून दिसत नाही. म्हणून ते एकदा मांडून पाहणे बरे. समजा, टोमॅटोचा घाऊक दर क्विंटलला २,००० रुपये, म्हणजे किलोला २० रुपये आहे. गाडीवाल्याने पहाटे जाऊन पन्नास किलो माल घेतला. १,००० रुपये झाले. हमाली आणि टेंपोतला त्याचा वाटा मिळून १५० धरले तर गाडीवर माल येईतो १,१५० रुपये खर्च झाला. या पन्नास किलोंपैकी पाच किलो फुटून, पिचून आणि वजनातल्या वरकडीत जातात असे धरू. वरचा चांगला माल, म्हणजे छत्तीस किलो, ३२ रुपयांनी गेला. उरलेला नऊ किलो नरम माल संध्याकाळी २० रुपयांनी काढला. एकूण आले १,३३२ रुपये. हाती राहिले १८२. ही दिवसभर उन्हात उभे राहण्याची मजुरी.

आता यात आणखी एक रकाना आहे. सकाळचे हजार रुपये त्याचे स्वतःचे असतीलच असे नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी २०११ सालच्या ‘पुअर इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात चेन्नईच्या फळभाजीवाल्यांचा दाखला दिला आहे. सकाळी उचल घ्यावयाची, संध्याकाळी परत करावयाची, आणि एका दिवसाचे व्याज सरासरीने शेकडा ४.६९. वर्षाचे नव्हे, एका दिवसाचे! हाच दर आपल्या उदाहरणास लावला तर हजारावर ४७ रुपये व्याज गेले आणि हाती राहिले १३५.

या आकड्यांवर दोन गोष्टी तपासून घेता येतात. पहिली अशी की, भावाच्या बातमीमुळे गाडीवाल्यास किलोमागे एक रुपया स्वस्त माल मिळाला, तर त्याचे पन्नास रुपये वाचतील. म्हणजे बातमीचे मोल आहे, आणि ते अगदीच लहान नाही. पण ही बातमी त्याला केव्हा मिळते? सकाळी अकरा वाजता दर प्रसिद्ध झाले तर तोवर त्याची खरेदी होऊन तो गल्लीत पोचलेला असतो. त्याला बातमी हवी ती आदल्या रात्रीची. उद्या कोणत्या मालाच्या किती गाड्या येत आहेत, आजचा किती माल विकला न जाता शिल्लक आहे, पाऊस कोठे झाला आहे. भावापेक्षा आवकेची बातमी त्याच्या अधिक उपयोगाची, कारण तिच्यावरून किती घ्यावे हे ठरते, आणि जास्त घेतलेला माल संध्याकाळी गटारात जातो. शिवाय ती बातमी मिळूनही तो वाशीस किंवा गुलटेकडीस न जाता दुसरीकडे जाऊ शकेल काय? एकट्यास ते परवडत नाही. दहाजणांनी मिळून टेंपो केला तर परवडेल. आणि ज्या अडत्याकडून तो उधार घेतो त्याच अडत्याकडून माल उचलणे त्याला भाग असेल, तर तो आणि कर्जात अडकलेला कोळी यांत काही अंतर राहत नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या माणसांनी ऐकून घेण्याजोगी आहे. अलीकडे मोबाइलवर घाऊक दर पाहून दारात आलेल्या गाडीवाल्याशी घासाघीस करण्याची चाल पडली आहे. राज्याचे कृषि पणन मंडळ बाजारसमित्यांचे दर रोज प्रसिद्ध करते. केंद्र सरकारने २००० सालापासून ‘ॲगमार्कनेट’वर देशभरचे दर ठेवले आहेत. सुशिक्षित गृहिणी ते उघडते, २० रुपये हा आकडा पाहते आणि म्हणते, “अहो भाऊ, मार्केटात वीस आहे, बत्तीस कसले मागता? अठ्ठावीसने द्या.” गाडीवाला म्हणतो, “ताई, तो भाव पोत्याचा.” ताईंना ते निमित्त वाटते. चार रुपये म्हणजे फार नव्हेत. पण वरच्या गणितात छत्तीस किलोंवर चार रुपये कमी झाले तर १४४ रुपये गेले. आणि दिवसाची शिल्लक होती १३५. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराने असेच केले तर त्या दिवशी टोमॅटोवर त्याने फुकट राबून वर नऊ रुपये खिशातून घातले.

यात गृहिणीचा दोष मानणे अन्यायाचे होईल. तिला घराचा हिशोब पाहावयाचा असतो, आणि गाडीवाले सारेच धुतल्या तांदळासारखे असतात असेही कोणी म्हणणार नाही. परक्या गिऱ्हाइकास वेगळा भाव सांगणे, तराजूच्या पारड्याखाली काहीतरी चिकटविणे, वर चांगला माल मांडून पिशवीत खालचा घालणे हे प्रकार आहेतच. दोष आहे तो अर्धवट बातमीचा. पणन मंडळाचा तक्ता नीट वाचला तर त्यात एक भाव नसून तीन असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. एकाच सकाळी, एकाच आवारात, टोमॅटो किमान दराने आणि त्याच्या दुपटीनेही विकलेला असतो. कारण प्रत वेगळी. दारात आलेला माल कोणत्या प्रतीचा हे तक्ता सांगत नाही. केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग किरकोळ दरही गोळा करतो. १ ऑगस्ट २०२४ पासून त्या यादीतील जिनसा बावीसवरून अडतीस झाल्या. गृहिणीने तुलना करावयाची तर ती या किरकोळ दराशी करणे अधिक न्यायाचे. पण तेथेही शहराची एकच सरासरी. पुण्यात कोथरूडचा दर निराळा आणि भवानी पेठेचा निराळा, याला त्या सरासरीत जागा नाही.

आणि रस्त्यावरचा बाजार पुष्कळदा किलोने चालतच नाही! मेथी-कोथिंबीर जुडीने, लिंबे-केळी डझनाने, कोकणातल्या आणि मुंबईतल्या बाजारांत मासळी, कैऱ्या, करवंदे वाट्याने. १९५६ साली दशमान वजनांचा कायदा झाला, शेर-पायली गेली. वाटा मात्र कायम आहे. या वाट्याची गंमत अशी की, माल महागला तरी वाट्याचा भाव बदलत नाही. वाटा लहान होतो. वीस रुपयांचा वाटा काल वीस रुपयांस, आज वीस रुपयांस. काल त्यात सहा बांगडे होते, आज चार. जुडीही तशीच बारीक होत जाते. संगणकात भरावयाचा भाव कोणता? वीस हाच भरला तर तक्त्यात महागाई दिसणारच नाही. या बाजाराची बातमी गोळा करणाऱ्या माणसाला म्हणून जवळ काटा बाळगावा लागेल आणि वाटा विकत घेऊन तोलून पाहावा लागेल. हे काम यंत्र आपोआप करणार नाही, आणि पगारी कारकून एसीत बसूनही करणार नाही.

भाव उघडे झाले म्हणजे ते उतरतात, हाही सिद्धान्त सर्वत्र लागू पडत नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ साली तयार काँक्रीट विकणाऱ्या कारखान्यांचे प्रत्यक्ष व्यवहारातले दर सरकारनेच प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. हेतू असा की चढाओढ वाढावी. वर्षभराच्या आत दर पंधरा ते वीस टक्क्यांनी वाढले. कारण सरळ आहे: विकणारे मूठभर असले की एकमेकांचे दर पाहून कोणीही खाली उतरत नाही, गुपचूप सवलत देण्याची सोयच नाहीशी होते. शंभर गाड्या लागणाऱ्या रस्त्यावर असे संगनमत जमणे कठीण. पण एखाद्या आवारात कांदा खरेदी करणारे मोठे व्यापारी थोडेच असतील, तर त्या ठिकाणी कोणते दर, किती तपशिलाने आणि किती लवकर जाहीर करावयाचे हे विचार करूनच ठरविले पाहिजे. एकेका व्यापाऱ्याचा दर नावानिशी देण्यापेक्षा प्रतवार सरासरी देणे, एवढ्याने पुष्कळसा धोका टळतो.

मग रस्त्यावरच्या बाजारासाठी करावे ते काय? मोठमोठ्या योजनांची गरज दिसत नाही. २०१४ साली पथविक्रेत्यांसंबंधी कायदा झाला. त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असावी आणि तिच्यातील निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेल्या असाव्यात, असे म्हटले आहे. कित्येक शहरांत ही समिती स्थापन होण्यातच वर्षे निघून गेली, आणि जेथे झाली तेथे तिची चर्चा परवाने व जागा यांपलीकडे सहसा गेली नाही. भावाच्या बातमीचे काम या समितीकडे देता येईल. प्रत्येक भाजीबाजाराच्या तोंडाशी एक सरकारी काटा ठेवावा आणि त्याच्याशेजारी साधा फळा. फळ्यावर चारच गोष्टी: जिन्नस व प्रत, आजचा घाऊक दर, याच बाजारातला काल संध्याकाळचा किरकोळ दर, आणि तो दर किलोचा की जुडीचा. घाऊक आणि किरकोळ दर शेजारी शेजारी लिहिले म्हणजे मधल्या खर्चाची चर्चा तरी खरेपणाने होईल. हाच मजकूर रात्री विक्रेत्यांच्या मोबाइलवर बोलून पाठवावा; लिहून नव्हे, बोलून, कारण कित्येक भाजीवाल्या बायांना अक्षरओळख नाही, आणि ऐकणे मात्र सर्वांना येते. त्यात भावापेक्षा आवकेस अधिक जागा द्यावी. आकडे जमविणारी माणसे विक्रेत्यांतूनच घ्यावीत आणि त्यांना त्या कामाचा मोबदला द्यावा. फुकट गोळा होणारी बातमी चार दिवसांत शिळी होते, हा अशा पुष्कळ फलकांचा अनुभव आहे.

आणि या खटपटीच्या बरोबरीने सकाळच्या उचलीची सोय लागली पाहिजे, नाहीतर बातमी ऐकूनही गाडीवाला त्याच अडत्याच्या दारात उभा राहणार. २०२० साली, टाळेबंदीने गाड्या रिकाम्या झाल्या असताना, केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी ‘स्वनिधी’ नावाची कर्जयोजना काढली आणि तारणावाचून पहिले दहा हजार रुपये देऊ केले. वरच्या गणितातील गाडीवाल्यास दहा दिवस माल भरता येईल एवढी ही रक्कम आहे. ती त्याच्याजवळ राहिली, घरातल्या आजारात किंवा मुलाच्या फीत खर्च झाली नाही, तर रोजचे सत्तेचाळीस रुपये त्याच्या पदरात पडतात. आणि त्यानंतर, वाशीस कांदा महाग आहे व दादरला आज आवक जास्त आहे असे रात्री त्याच्या कानावर आले, तर पहाटे कोणत्या दिशेचा टेंपो धरावयाचा हे त्याला स्वतः ठरविता येते.